आठवा खिसा

"सही कर, कुबल."

चीफ निकमांनी कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि त्यावर पेनही ठेवलं. मी पेन उचललं नाही.

डिसेंबर महिना होता, सकाळचे सव्वासात झाले असतील. आमचं विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागरात होतं. लढाई सुरू होऊन एकच रात्र उलटली होती आणि दहाच्या ठोक्याला आमच्या स्क्वाड्रनची आठ विमानं शत्रूच्या बंदरावर जाणार होती. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, हुद्द्याने लीडिंग सीमन, म्हणजे पायदळातल्या नाईकाच्या तोलाचा. काम वैमानिकांच्या अंगावरच्या सामानाचं. हवाई छत्री, हेल्मेट, मास्क, पाण्यात पडल्यावर माणसाला तरंगत ठेवणारं पिवळं जाकीट, हे सगळं उड्डाणाआधी तपासायचं आणि वैमानिकाच्या नावाच्या कार्डावर सही करायची. सही नसेल तर वैमानिकाने विमानात चढायचं नाही, असा नियम होता. नियम होता खरा, पण सही अडवल्याचं माझ्या तीन वर्षांच्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं.

"कार्डावर काय लिवलंय ते वाच," चीफ म्हणाले. ते आमच्या खात्याचे प्रमुख, साताऱ्याकडचे, नोकरी बावीस वर्षं झालेली, आवाज सतत कोणाला तरी शेताच्या पलीकडून हाक मारल्यासारखा. "छत्री, हेल्मेट, मास्क, जाकीट, चाकू, शिट्टी, दिवा. समदं हाय का न्हाय?"

"आहे."

"धड हाय का न्हाय?"

"धड आहे."

"मग? पिस्तूल लिवलंय का कुठं?"

"नाही, चीफसाहेब."

"मग गपगुमान सही कर. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला तुला कुणी बोलावलेलं न्हाय."

भांडण त्या पिस्तुलावरूनच होतं. खरं म्हणजे ते रिव्हॉल्व्हर, पण जहाजावर सगळे पिस्तूलच म्हणत. शांततेच्या काळात आमचे वैमानिक हत्यार लावत नसत. लढाई लागली आणि आदल्या संध्याकाळी हुकूम आला, की शत्रूच्या मुलखात उतरायची वेळ आली तर जवळ काहीतरी हवं, म्हणून प्रत्येकाने पिस्तूल घेऊनच उडायचं. शस्त्रागारातून आठ पिस्तुलं निघाली. त्यांची म्यानं होती पहारेकऱ्यांची, कमरेला लावायची. पण विमानात कमरेवर छत्रीचे पट्टे येतात, त्यांच्याखाली ते धूड बरगडीत रुततं. मग कोणीतरी शक्कल लढवली, लांब पट्टा शोधला आणि पिस्तूल खांद्यावरून तिरकं, जाकिटाच्या वरून अडकवलं. दिसायला झकास दिसत होतं. रात्रीच्या जेवणापर्यंत आठही वैमानिक तसेच हिंडत होते, आणि त्यात सगळ्यात रुबाबदार होते लेफ्टनंट रणदिवे. कोल्हापूरचे, सहा फुटी, मिशी कोरलेली. आरशासमोरून हलायलाच तयार नव्हते.

मी मात्र त्या पट्ट्याकडे बघून रात्रभर तळमळलो. वैमानिक समुद्रात पडला की त्याने करायच्या गोष्टी दोन. छातीवरची पेटी फिरवून ठोसा मारला की छत्रीचे पट्टे एका झटक्यात गळून पडतात. मग जाकिटाची मूठ ओढायची, की गॅस सुटून दोन सेकंदांत जाकीट फुगतं. पट्टे आधी गळतात म्हणूनच जाकिटाला फुगायला जागा मिळते. पण पिस्तुलाचा पट्टा गळत नाही. तो छातीवर तसाच आवळलेला राहणार आणि त्याच्याखाली जाकीट फुगणार. दर वर्षी आम्ही वैमानिकांना तलावात बुडवून सराव घ्यायचो, पण त्या सरावात पिस्तूल कधीच नव्हतं. जाकीट आमच्या खात्याचं, पिस्तूल तोफखान्याच्या खात्याचं. दोन्ही एकत्र ज्याच्या अंगावर होती, त्याला आरशात फक्त रुबाब दिसत होता.

पहाटेच मी शस्त्रागारात जाऊन आलो होतो. तिथला पेटी ऑफिसर मोंडकर हुद्द्याने माझ्या एक पायरी वर, पण आमच्या देवगडचाच. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"पिस्तूल माजा, जाकीट तुजा," तो म्हणाला. "पिस्तूल उडना नाय तर माका इचार. जाकीट फुगना नाय तर तेका मी काय करू?"

"अरे पण दोन्ही एकाच माणसाच्या अंगार आसत मरे."

"तो माणूस तुजोय न्हय आनि माजोय न्हय. तो कमांडराचो."

आणि स्क्वाड्रनच्या कमांडरकडे थेट जायची माझी टाप नव्हती. उरली होती ती फक्त माझी सही.

"तू न्हाय करत तर मी करतो," चीफ म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात रणदिवेसाहेब आत आले, पट्टा छातीवर, हेल्मेट काखेत. मागे तिघेचौघे वैमानिक होते.

"काय कुबल, माझ्या कार्डाला मुहूर्त लागत नाहीये का?"

मी पट्ट्याचं सांगितलं. घाईघाईने सांगितलं, अडखळलोही. त्यांनी अर्धं ऐकलं.

"माझ्या पायाला चाकू आहे ना? अडकला पट्टा तर कापीन. किती वेळ लागतो त्याला?"

बाकीचे हसले. त्या हसण्याने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला सांगू, पुढे मी जे केलं त्यात शहाणपण थोडं होतं आणि राग बराच होता. जाकीट तोंडाने नळीतून फुंकूनही दाखवता आलं असतं, पण ते बघायला कोण थांबणार होतं? मी शेल्फवरचं एक जाकीट काढून अंगात चढवलं आणि रणदिवेसाहेबांपुढे हात केला.

"पट्टा द्या साहेब. आणि चाकू पण द्या."

त्यांनी गंमत म्हणून दोन्ही दिले. पिस्तूल मी म्यानातून काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्यासारखाच पट्टा तिरका अडकवला, बक्कल तितकंच आवळलं आणि उजव्या हातात चाकू धरला.

"घड्याळ लावा साहेब. तुम्ही म्हणता तसा कापून दाखवतो."

"कुबल," चीफ ओरडले, "गॅसची बाटली सरकारी..."

मी मूठ ओढली.

जाकीट फसकन वर आलं. डावी बाजू पट्ट्याखाली दबलेली, त्यामुळे सगळा गॅस उजवीकडे आणि मानेमागे धावला. हनुवटी वर उचलली गेली, मान वाकडी झाली. मला छत दिसत होतं, स्वतःची छाती दिसत नव्हती. पट्टा दोन फुगवट्यांच्या मधे असा रुतला होता की बोटांना सापडेना. चाकू लावावा तर जाकीटच फाटेल अशी भीती, आणि गळ्यावरचा दाब वाढत चाललेला. कानांत घूं घूं सुरू झालं. मी गुडघ्यांवर आलो, आणि मग कोणीतरी मागून पाठीवरचा पट्टा सर्रकन कापला. ते चीफ निकम होते.

श्वास परत आला तेव्हा खोलीत कोणी हसत नव्हतं. दारात कमांडर पोनप्पा उभे होते, आमच्या स्क्वाड्रनचे प्रमुख. कूर्गचे, बुटके, कमी बोलणारे. ते कधी आले होते कोण जाणे.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

रणदिवेसाहेबांनी घड्याळ बघितलं. "चाळीस सेकंद, सर. आणि पट्टा त्याने कापलेला नाही." मग हळूच म्हणाले, "आणि इथे पाणीही नाही."

कमांडर माझ्याकडे वळले. "पट्टा चुकीचा, हे कळलं. बरोबर काय, ते सांग. पिस्तुलाशिवाय कोणी जाणार नाही, तो हुकूम आहे."

रात्रभर तळमळण्याचा एवढा तरी फायदा झाला होता. मी सांगितलं, की उड्डाणाच्या डगल्यावर, डाव्या काखेखाली, कॅनव्हासचा खिसा शिवायचा. वर झाकण, झाकणाला बटण. पिस्तूल खिशात, जाकीट त्याच्यावरून. मग जाकिटाच्या वर काहीच नाही.

"आणि शत्रू समोर आला तर मी आधी जाकीट बाजूला सारणार, मग बटण काढणार?" रणदिवेसाहेब म्हणाले. सवयीने म्हणाले, आवाजात मघाचा जोर नव्हता.

"जमिनीवर पडलात तर बटण काढायला वेळ मिळेल साहेब. पाण्यात पडलात तर नाही मिळणार."

कमांडरनी घड्याळाकडे पाहिलं. "आठ खिसे. साडेनऊला वैमानिक डेकवर. शिवण तुझी, हुकूम माझा. लाग कामाला."

मशीन आमच्या खात्यात एकच होतं, छत्र्या दुरुस्त करायचं, हाताने फिरवायचं. चीफनी कपाटातून रबरी होडीचं कोरं कॅनव्हासचं आवरण काढलं. ते कापायला वरून लेखी परवानगी लागते, हे मला शिकवलं होतं त्यांनीच. त्यांनी त्यात कात्री घातली. पहिला खिसा मशीनखाली घेतला तेव्हा म्हणाले, "दुहेरी टाका घाल. लोखंड हाय ते, पेरू न्हाय."

देवगडला माझे वडील गलबतांची शिडं शिवायचे. जाड कापडाला सुई कशी भिडवायची ते माझ्या हातांना उपजत ठाऊक होतं, पण एवढ्या घाईत मी आयुष्यात शिवलं नव्हतं. चीफ कापत होते, खडूने खुणा करत होते, मी मशीन पळवत होतो. बिचारे वैमानिक बनियनवर बाकावर बसून आपापल्या डगल्याची वाट बघत होते, शिंप्याच्या दुकानात बसावं तसे. एक झाला, दोन झाले, पाच झाले. सातव्या खिशाचा शेवटचा कोपरा वळवला आणि मशीनची सुई काडकन मोडली. घड्याळात नऊ सत्तावीस झाले होते.

उरला होता रणदिवेसाहेबांचा डगला.

"राहू दे," ते म्हणाले. "मी पिस्तूल ठेवून जातो."

"बिनहत्यार कुणी उडायचं न्हाय," चीफ म्हणाले. "हुकूम हाय साहेब."

भोंगा झाला. सगळे डेककडे धावले. मी वाकडी सुई, मेण लावलेला दोरा आणि सुई ढकलायला तळहातावर चढवायचं चामडं उचललं आणि त्यांच्या मागे धावलो. चीफ माझ्या मागे.

विमानं सोडताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर धावतं. डेकवर असा वारा होता की उभ्या माणसाला ढकलत नेईल. पहिल्या दोन विमानांची इंजिनं सुरू झाली होती, कानात बोटं घातली तरी डोकं हलत होतं. रणदिवेसाहेब त्यांच्या विमानाच्या शिडीशी उभे राहिले, जाकीट काढून काखेत धरलं, आणि मी त्यांच्या अंगावरच खिसा शिवायला घेतला. चीफ वाऱ्याकडे पाठ करून आमच्या आड उभे राहिले, हात पसरून.

"टोचतंय," रणदिवेसाहेब माझ्या कानात ओरडले.

"टोचू दे साहेब."

कमांडरचं विमान सुटलं. दुसरं सुटलं. डेकवरचा अधिकारी आमच्याकडे बघून दोन्ही हातांनी काहीतरी खुणा करत होता आणि त्या खुणा शिव्यांच्या होत्या हे कळायला नौदलात असण्याची गरज नव्हती. मी दोन्ही उभ्या बाजू दुहेरी घातल्या. झाकण आणि बटण चीफनी आधीच बसवून ठेवलं होतं. राहिली खालची बाजू, जिच्यावर सगळं वजन येणार ती. तिथे एक ओळ झाली आणि पाचवं विमान सुटलं. दुसरी ओळ घालायला वेळच नव्हता.

"झालं?"

एक ओळ. लोखंड आहे, पेरू नाही. मी दोऱ्याला तीन गाठी मारल्या, दाताने दोरा तोडला आणि म्हणालो, "झालं."

पिस्तूल खिशात गेलं, जाकीट वर चढलं. कार्ड विमानाच्या पत्र्यावर दाबून धरून मी सही केली. सकाळी धड असलेल्या सामानावर सही करायला अडून बसलेला मी, आता अर्ध्या राहिलेल्या शिवणीवर सही करत होतो. रणदिवेसाहेब शिडी चढले. दोन मिनिटांनी त्यांचं विमान डेकवरून सुटलं आणि उन्हात दिसेनासं झालं.

पुढचे दोन तास मी आकाशाकडे बघत डेकच्या कडेला उभा होतो. पावणेबाराला विमानं परतायला लागली. मी मोजत होतो. कमांडर उतरले, मग एकापाठोपाठ एक. सातवं उतरलं. आकाश रिकामं राहिलं. मग भोंग्यावर घोषणा झाली, बंदरावरच्या तोफेने एका विमानाला टिपलं होतं, ते जहाजापासून बारा मैलांवर पाण्यात पडलं होतं, वैमानिक खुर्चीसकट बाहेर फेकला गेला होता, आणि त्याला शोधायला हेलिकॉप्टर निघालं होतं.

वैमानिकाचं नाव कोणी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

विमानातून बाहेर फेकणारी ती खुर्ची खालून तोफेसारखी उडते. त्या धक्क्याला माणसाचे मणके चेपतात. माझी एका ओळीची शिवण तिथे उसवली असेल तर ते पिस्तूल जाकिटाखालून निसटून वाऱ्याच्या झोताने थेट जबड्यावर बसलं असेल. पट्टा असता तर निदान पाण्यापर्यंत शुद्धीत पोचले असते, असंही मनात आलं. मीच सगळ्यांना शहाणपण शिकवलं होतं आणि माणूस गेला तर माझ्याच टाक्याने जाणार होता. मला एवढी भीती आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही. चीफ माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. खांद्यावर हात वगैरे ठेवणारा तो माणूस नव्हे. नुसते उभे राहिले.

चाळीस मिनिटांनी हेलिकॉप्टर डेकवर उतरलं. आधी भिजलेला पाणबुड्या उतरला, मग स्ट्रेचर. स्ट्रेचरवर पिवळंधमक जाकीट होतं, दोन्ही बाजूंनी सारखं फुगलेलं, आणि त्याच्यामधे रणदिवेसाहेबांचं तोंड.

"जिंदा है," पाणबुड्या म्हणाला. "बेहोश था. मुँह आसमान की तरफ, आराम से सोया हुआ."

मला रडू कोसळलं. चीफ निकमांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःचं नाक शिंकरलं आणि म्हणाले, "वारा लई हाय."

संध्याकाळी मी जहाजाच्या दवाखान्यात गेलो. उड्डाणानंतर सामान परत घेणं हेही माझंच काम. रणदिवेसाहेबांचा उजवा हात खांद्यापासून प्लॅस्टरमधे होता. डगला डॉक्टरांनी कापून खुर्चीवर टाकला होता. मी आधी तो उचलला, उलटा केला आणि खिशाची खालची बाजू उजेडात धरली. एकही टाका सरकला नव्हता. पिस्तूल आत होतं, खाऱ्या पाण्याने आताच गंजायला लागलेलं.

"माझी तब्येत विचारायच्या आधी खिसा बघतोस होय रे?"

"हो साहेब."

ते हसले, आणि हसताना हात दुखला म्हणून थांबले.

"बाहेर फेकलो गेलो तेव्हाच हात मोडला," ते म्हणाले. "पाण्यात पडलो, डाव्या हाताने पेटी सोडली, डाव्याच हाताने मूठ ओढली. जाकीट फुगलेलं आठवतंय. त्यानंतर थेट हा पलंग." त्यांनी छताकडे बघितलं. "चाकू कुठे होता माहीत आहे? उजव्या पायाला. चाळीस सेकंद सोड कुबल, माझ्याकडे चारही नव्हते."

तेवढ्यात मोंडकर पिस्तूल न्यायला आला. गंजाकडे बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, रणदिवेसाहेबांकडे बघितलं, आणि आठ्या तशाच ठेवून मला म्हणाला, "ते पट्टे परत धाड. आठय. ते इतून फुडे कोणाक गावाचे नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उड्डाण होतं. इतर दिवशी वैमानिक बोलत-हसत यायचे, टेबलावरचं आपलं कार्ड उचलायचे आणि माझ्याकडे न बघताच पुढे जायचे. त्या दिवशी दार उघडलं आणि कमांडर पोनप्पा आत आले. कार्डाला त्यांनी हात लावला नाही. माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले, लहान मूल अंगात सदरा घालून घेताना करतं तसे.

मी पेन शोधायला लागलो. चीफनी मागून ढोसलं, "तपास की."

मी तपासलं. खिसा, बटण, शिवण, जाकीट, मूठ. सही केली. कमांडर बाजूला झाले, त्यांच्या मागचा पुढे आला आणि त्यानेही हात वर केले. त्याच्या मागच्यानेही. दारापर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या काखेत भरलेलं पिस्तूल, आणि एका लीडिंग सीमनपुढे एकेक अधिकारी हात वर करून उभा. शत्रूला ते दृश्य लढाईच्या उरलेल्या दिवसांत एकदाही बघायला मिळालं नाही.

रांगेच्या शेवटी रणदिवेसाहेब उभे होते. दवाखान्याचा पायजमा, गळ्यात अडकवलेलं प्लॅस्टर, मिशी मात्र विंचरलेली. त्यांनी डावा हात वर केला.

"साहेब, तुम्हाला आज उड्डाण नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तू तपास."

मी त्यांच्या काखेखाली हात घालून नीट तपासलं, त्यांचं कार्ड काढलं आणि सही केली.